वर सरकलेली रेघ

शिडं मागे पडून धुराडी आली, त्या काळातली ही गोष्ट. एका बंदरात एक शेठ होता. त्याच्या दोन आगबोटी माल वाहायच्या. त्यातल्या एका बोटीवर खलाशांचा म्होरक्या, म्हणजे सारंग होता. सारंगाचा धाकटा भाऊ धक्क्यावर हमाली करायचा. आईबाप लवकर गेले, तेव्हा धाकट्याला भरवलं, वाढवलं ते दादानंच.

बोटीच्या अंगावर बाहेरून एक पांढरी रेघ ओढलेली असे. माल भरू लागला की बोट पाण्यात खाली बसत जाते. पाणी रेघेला टेकलं की भरणं बंद, असा नियम. रेघ बुडवून निघालेली बोट वादळात वर येत नाही, हे बंदरात शेंबडं पोरही सांगे.

एका हंगामात मालाला भाव आला. शेठनं जुनी रेघ खरवडून काढली आणि हातभर वर नवी ओढून घेतली. सगळ्यांनी पाहिलं. कुणी बोललं नाही.

सारंग बोलला. "शेठ, रेघ वर गेली. बोट नाही गेली."

"तुझा आजा गलबत हाकायचा ना रे? त्याला कुठं होती रेघ?" शेठ हसला. "भ्यालास तर उतर खाली आणि चुलीपाशी बस. तुझ्या जागेवर कितीतरी जण टपलेत."

धाकट्याच्या डोक्यात तिडीक गेली. पाठीवरचं पोतं त्यानं तिथंच आपटलं. "दादा, जाऊ नकोस! खड्ड्यात गेली याची नोकरी!"

"अरे वेड्या, बाकीचे पोटासाठी जाणारच. त्यांना पाठवून मी धक्क्यावर उभा राहू?" दादा म्हणाला, आणि गेला.

वादळ आलं. बोट बुडाली. एकही माणूस परत आला नाही.

शेठनं धक्क्यावर सभा भरवली. डोळ्यांना रुमाल लावून म्हणाला, "कुणाला काय ठाऊक होतं? सगळी समुद्राची मर्जी." मग घरटी एक लुगडं वाटलं. वहिनीच्या वाट्याचं लुगडं धाकट्यानं शेठच्या तोंडावर फेकलं. लोकांनी त्यालाच धरून मागे ओढलं.

तेरावं सरतं न सरतं तोच दुसरी बोट भरू लागली. हिचीही रेघ वर सरकलेली. धाकटा पोती ओढायचा लोखंडी आकडा घेऊन शेठचं डोकं फोडायला निघाला. पण बोटीवर चढायच्या फळीपाशी खलाशी उभे होते, आणि निरोप द्यायला आलेले त्यांचे भाऊ, त्यांच्या बायका. धाकट्यानं आकडा टाकला आणि फळीवरच बसकण मारली.

"शेठ, बोट चांगली आहे ना?" धक्क्यावर उभ्या शेठला त्यानं विचारलं.

"सोन्यासारखी!"

"मग या फेरीला तुम्हीही चला. समुद्राची मर्जी जवळून बघा."

हमालांत हशा पिकला. "चला की शेठ, वारा खायला!" "शेठाणींनाही घ्या!" पण ज्यांचा माल भरला होता, ते व्यापारी हसले नाहीत. त्यातला एक म्हणाला, "मालकच चढायला कचरत असेल, तर माझी पोती उतरवा."

शेठला पर्याय उरला नाही. तो चढला. धाकटा आणि खलाशीही त्याच्या पाठोपाठ गेले. कठड्यावरून वाकून शेठनं खाली पाहिलं. पाणी फार जवळ होतं. मुकादमाला जवळ ओढून तो पुटपुटला, "पोती उतरव."

"किती, शेठ?"

"पाणी जुन्या रेघेखाली जाईपर्यंत."

धाकट्यानं ते ऐकलं.

"म्हणजे तुला माहीत होतं," तो म्हणाला. आजवर त्यानं शेठला कधी अरेतुरे केलं नव्हतं. मग तो साऱ्या धक्क्याला ऐकू जाईल असा ओरडला, "तुला सगळं माहीत होतं! माझ्या दादाला पाठवलंस तेव्हाही!"

शेठनं मान खाली घातली. एकेक खलाशी फळीवरून खाली उतरला. व्यापाऱ्यांनी माल काढून नेला. त्यानंतर शेठच्या बोटीवर कुणी पाय ठेवला नाही. ती जागच्या जागी गंजली आणि शेठ कफल्लक झाला.

लोक म्हणत, "देवानं न्याय केला."

धाकटा चिडून म्हणे, "देवानं नाही, आपण केला. आणि न्याय कसला? न्याय असता तर माझा दादा घरी असता."

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणारा 'मला ठाऊक नव्हतं' म्हणाला, तर ऐकू नये. जीव स्वतःचा असला की त्याला सगळं ठाऊक असतं.