पटलावरचा हात

समुद्रकाठच्या एका लहान देशात एकदा एक तरुणी दूरदेशी राज्यशास्त्र शिकून परतली, निवडणुकीत जिंकली आणि विरोधी पक्षाच्या आबा नावाच्या वृद्ध नेत्याची शिष्या झाली. देश कर्जात बुडाला होता. आता सभागृहात विरोधक गर्जतील, सरकार कोसळेल, अशी तिची अपेक्षा होती. त्यासाठी चाळीस पानांचे भाषण तिने लिहूनही ठेवले होते. प्रत्यक्षात तिला दिसले ते एवढेच: रोज सकाळी तो वृद्ध उठे, उपरणे सावरे आणि एकच प्रश्न विचारी, “अर्थमंत्र्यांनी पटलावर हात ठेवून सांगावे. नव्या कर्जासाठी आपले बंदर गहाण पडते आहे काय?”

त्या सभागृहाची एक जुनी रीत होती. मंत्री पटलावर उजवा हात ठेवून जे बोलेल, ते सरकारला बांधून ठेवी; आणि अशा कबुलीवाचून कोणत्याही कराराचे कलम सभागृहाला खोडता येत नसे. अर्थमंत्री रोज हात पाठीमागे बांधून म्हणत, “माहिती घेत आहोत.”

सत्ताधारी बाक हसत. “आबांचा काकडा झाला! आता कामकाज सुरू करा!”

असे वीस दिवस गेले. एकविसाव्या दिवशी कर्जावर मतदान होते. बंदर गेले, तर धान्याचे जहाजही परक्याच्या मर्जीने लागणार होते.

त्या सकाळी कर्ज देणाऱ्या पेढीचा एक व्यापारी शिष्येला पायरीवर भेटला. त्याने लाखेची मोहोर असलेला लिफाफा तिच्या हातात ठेवला. “ताई, गहाणखताची नक्कल आहे. सभागृहात वाचा. सरकार संध्याकाळ पाहत नाही.”

ती धावतच आबांकडे गेली. आबांनी लिफाफा घेतला, उलटसुलट पाहिला आणि तसाच बंद नेऊन, अर्थमंत्र्यांच्या देखत, व्यापाऱ्याला परत दिला. “आपली वस्तू आपल्यापाशी असू द्या, शेठजी.” मग आत जाऊन त्यांनी तोच प्रश्न विचारला.

आज अर्थमंत्र्यांनी ‘माहिती घेत आहोत’ म्हटले नाही; परत गेलेल्या लिफाफ्यावरची पेढीची मोहोर त्यांनी ओळखली होती. मग पाठीमागचा हात त्यांनी पुढे आणला आणि पटलावर ठेवला.

“होय,” ते म्हणाले. “पूर्वेचा धक्का. तीस वर्षांसाठी.”

कोणी हसले नाही. दुपारी दोन्ही बाजूंच्या मतांनी ते कलम खोडले गेले. धक्का वाचला. उरलेल्या अटींवर कर्ज मंजूर झाले आणि सरकारही टिकले.

सभागृह सुटल्यावर शिष्येचा राग उसळला. “टिकलंच की हो सरकार! तो लिफाफा फोडला असता, तर आज तुम्ही त्या खुर्चीवर असता, आबा.”

“असतो ना. आणि खुर्ची ऊबदार व्हायच्या आत शेठजी दारात उभे असते.” आबा हसले. “बाळ, त्यांना बंदर वाचवायचे नव्हते. खुर्चीवर स्वतःच्या उपकाराखालचा माणूस हवा होता. शिवाय त्यांच्या कागदाला मंत्र्यांनी खोटे ठरवले असते. स्वतःच्या हाताला कसे खोटे ठरवतील? सरकार या सभागृहाला उत्तर देणे लागते. ते उत्तर आपण सावकाराकडून आणले, तर आणखी एक कर्जच काढले म्हणायचे.”

तिने विचारले, “आणि मंत्री नमले कसे?”

“नमले नाहीत, उभे राहिले. त्यालाही छाती लागते. उद्या भेटले तर आधी नमस्कार कर. मग प्रश्न विचार.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चाळीस पाने घरीच ठेवून निघाली. वाटेत अर्थमंत्री दिसले. तिने हात जोडले. मग प्रश्न स्वीकारणाऱ्या लिपिकासमोर तिने एक चिठ्ठी ठेवली. त्याने चष्म्यावरून वाचले: ‘जुन्या करारांत आपले काय काय गहाण आहे?’

“एवढंच, ताई? कोणत्या दिवसासाठी घेऊ?”

“उद्यासाठी,” ती म्हणाली. “आणि हात पटलावर येईपर्यंत, रोज.”