नीलखोऱ्याचं दान

एका राज्यात रत्नध्वज नावाचा राजा होता, आणि प्रजा त्याच्या नावाने दिवे लावत असे. शत्रूची अफाट सेना राजधानीच्या वेशीला भिडली असता एका सकाळी ती धुक्यासारखी विरून गेली होती. राजाने प्रजेला सांगितलं, "मंत्रबळाने मी शत्रू संपवला. पण जाता जाता त्याने आपलं नीलखोरं जाळून भस्म केलं." प्रजेने खोऱ्यातल्या माणसांसाठी अश्रू ढाळले आणि राजासाठी विजयस्तंभ उभारला.

त्या दिवसापासून राज्याला शाप लागला. झाडांना मोहर येई, फळ धरत नसे. घरोघरचे पाळणे रिकामे राहिले.

राजाला एक धाकटी बहीण होती, वैजयंती. आईबाप लवकर गेले. दादाने भरवलेल्या घासांवर ती वाढली. एके दिवशी ती दरबारात बसली असता एक साळुंकी खिडकीत उतरली आणि माणसाच्या वाणीने बोलली, "नीलखोरं जळलं नाही. शत्रूची सेना नाहीशी करण्याच्या मोबदल्यात राजाने ते माणसांसकट मायावी धूम्रजटाला दान दिलं."

दरबार हसला. राजा हसला नाही.

"राज्यातली एकूण एक साळुंकी मारा," तो म्हणाला.

खोटं बोलणाऱ्या पाखरावर एवढा राग कशाला? वैजयंतीच्या मनात पाल चुकचुकली. साळुंकीला पदराआड घेऊन ती बागेत आली.

"हा शाप कसा सुटेल?"

"तीन गोष्टी मिळव," साळुंकी म्हणाली. "धूम्रजटाकडे गहाण पडलेली राजमुद्रा. विजयाच्या दिवशी मुका झालेल्या सेनापती यशोधराचा आवाज. आणि राजाची भर दरबारातली कबुली. पहिल्या दोन अवघड आहेत. तिसरीपायी तुझं काळीज फाटेल."

वैजयंती घोड्यावर बसली ती थेट नीलखोऱ्यापाशी उतरली. तिथे राख नव्हती. तिथे भिंतीसारखं करडं धुकं होतं, आणि धुक्यातून माणसांचे हुंदके ऐकू येत होते. धुक्याच्या तोंडाशी धूम्रजट निखाऱ्यांच्या राशीजवळ बसला होता. राशीत राजमुद्रा लालबुंद दिसत होती.

"खरं बोलणाऱ्याला ती थंड लागते," तो म्हणाला. "का आलीस?"

"भावावरचा आळ खोटा ठरवायला."

तिने हात घातला आणि किंचाळून मागे घेतला. तळवा होरपळला होता.

"का आलीस?"

तिने पोळलेला हात पुन्हा पुढे केला. "आळ खरा आहे, हे मला कळून चुकलंय म्हणून."

मुद्रा गारेसारखी थंड तिच्या हाती आली.

"एक ऐकून जा," धूम्रजट म्हणाला. "राजाने दिलेलं राजाच मोडू शकतो. आणि मोडताच तो राजा उरत नाही."

वैजयंती राजवाड्यात परतली. खजिन्याच्या तळघरात, साळुंकीने सांगितलं होतं तिथेच, नागांच्या वेटोळ्यांत यशोधराचा आवाज कोंडलेली तांब्याची कुपी होती. मुद्रा पाहून नाग बाजूला सरले. तिने कुपी उचलली, तोच दारातून आवाज आला.

"वैजू, ती खाली ठेव."

रत्नध्वज एकटाच उभा होता. त्याच्या हातात नंगी तलवार होती.

"मी राजधानी वाचवली," तो म्हणाला. "एका खोऱ्याच्या बदल्यात लाखो जीव. मी पडलो तर राज्य पडेल."

"राज्य तुमच्या आधीही होतं, दादा."

तलवार उगारली गेली. वैजयंती जागची हलली नाही. तलवार खाली आली नाही, आणि तेवढ्यात तिने कुपी दगडावर आपटली. कोंडलेला आवाज जिना चढून दरबारात घुमला: "मी यशोधर. राजाने दान दिलं ते मी पाहिलं. बोलू नये म्हणून राजाने माझा आवाज काढून घेतला!"

दोघं दरबारात आली तेव्हा सारे उभे होते. वैजयंतीने मुद्रा सिंहासनासमोर ठेवली.

"खोटं आहे," राजा सिंहासनावर बसत म्हणाला. प्रधान दरबार सोडून निघून गेला.

"कारस्थान आहे." सरदारांनी तलवारी म्यान करून पाठ फिरवली.

"शत्रूने माझ्या बहिणीला फितवलं आहे!" बाहेर विजयस्तंभ कडाडून कोसळला आणि लोकांचा गलका दाराशी आला.

वैजयंती त्याच्याजवळ गेली. हळूच म्हणाली, "दादा, तुम्ही तेव्हा घाबरला होतात. तेवढंच सांगा."

राजाने मुकुट काढून मांडीवर घेतला.

"घाबरलो होतो," तो म्हणाला. "खोरं मी दिलं. आणि मग रोज खोटं बोललो."

त्याच क्षणी नीलखोऱ्यावरचं धुकं फाटलं. माणसं, गुरं, घरं उन्हात आली. राज्यातल्या झाडांना फळ धरलं.

दरबाराने मुकुट वैजयंतीच्या मस्तकी ठेवला. पहिलाच न्याय भावाचा होता. कुणी म्हणालं सुळी द्या, कुणी म्हणालं हद्दपार करा. तिचा पोळलेला हात मांडीवर होता. तिने तो घट्ट मिटला.

"रत्नध्वज नीलखोऱ्यात राहील," ती म्हणाली. "तिथला जो कोणी विचारील, 'आम्हालाच का दिलंत?', त्याला उत्तर देईल. कितीदाही विचारलं तरी."

"आज्ञा शिरसावंद्य, राणीसरकार," भाऊ म्हणाला, आणि अनवाणी निघाला.

खोऱ्याच्या वेशीवर एक म्हातारी कमरेवर हात ठेवून त्याची वाट पाहत उभी होती.

त्या राज्यावरचं मळभ जसं फिटलं, तसं ऐकणाऱ्यांच्या घरचंही फिटो.