माशीला न फसवणारा घोडा

जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा, तेव्हाची गोष्ट. पडद्यावर घोडा उधळला की माणसं शिट्ट्या मारत आणि बांबूवर बसलेली माशी खो-खो हसे.

"पालताई, घोडा जागचा हललाही नाही!" ती शेजारच्या पालीला म्हणाली. "एक चित्र, मग अंधार, मग दुसरं चित्र. माणसांची नजर पडली मंद, म्हणून सगळं जोडून त्यांना घोडा पळताना दिसतो. मला नाही कुणी फसवू शकत!"

"काय बाई तुझी नजर!" म्हणत पाल पुढे सरकली.

पडद्याच्या लुकलुकत्या उजेडात माशीला आधी पाल हातभर अंतरावर दिसली. मग अंधार. मग वीतभर अंतरावर दिसली.

"अय्या, हीसुद्धा चित्रच!" माशी हसली.

पुढच्या चित्रात माशी नव्हती.