भिवा नगारची कधी येणार?

"नक्कल मिळणार नाही!" रणधवल महाराज गरजले. "दप्तरात कागद ज्याने ठेवला, त्यानेच समोर येऊन मागायचा. आमचा कायदा आहे!"

"पण महाराज, कागद ठेवला माझ्या बाबांनी, आणि ते वारले!" सगुणा म्हणाली. "मृत्युपत्रच आहे ते. माणूस गेल्यावरच कामाला येणार ना?"

"ते आम्हांला सांगू नकोस. त्याला पाठव!"

झालं! महाराज हट्टाला पेटले की ब्रह्मदेवाचंही ऐकायचे नाहीत. तिचे वडील भिवा म्हणजे भैरवगडाचे नगारची. त्यांनी मृत्युपत्रात राहतं घर लेकीला दिलेलं. पण ते गेल्यावर चुलता दगडू दारात येऊन बसला होता. "कागद दाखव, नाहीतर परवा गाशा गुंडाळ!"

"बरं महाराज, बाबांची वाट बघते," म्हणत सगुणेने मुजरा केला आणि ती तडक घरी गेली.

दुसऱ्या दिवशी दुपार झाली. गडावर रीतच होती, नगारा वाजल्याशिवाय महाराजांनी घास घ्यायचा नाही. भिवा आजारी पडल्यापासून तो सगुणाच वाजवायची. आज मात्र नगारा गप्प!

ताट वाढलेलं. पुरणपोळीवरचं तूप थिजलं, कटाच्या आमटीचा वास मुदपाकखान्याबाहेर सुटला. महाराज पाटावर बसले, उठले, पुन्हा बसले. पोटात कावळे ओरडायला लागले!

"अरे, वाजवा की कुणीतरी!"

"कसं वाजवू, महाराज?" शिपाई चाचरला. "नगारची किंवा त्याचा वारस सोडून कुणी टिपरीला हात लावला तर वीस फटके. आपलाच कायदा आहे!"

"मग त्या सगुणेला आणा! पळा!"

सगुणा आली. महाराज ओरडले, "नगारा का वाजला नाही?"

"माझी काय छाती, महाराज? काल दुपारपर्यंत वारस म्हणून वाजवत होते. पण त्यानंतर आपणच म्हणालात, बाबांना पाठव. बाबा यायचे असतील तर मी कसली वारस? मला नाही खायचे वीस फटके!"

"अगं, तो कसा येईल? मेलाय तो!"

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो! या गडाचा राजा म्हणतो!"

"मग दप्तरदारांनाही तेवढंच सांगा ना, महाराज! नगारा वाजवायला जो येऊ शकत नाही, तो नक्कल मागायला कुठून येणार?"

महाराजांनी सगुणेकडे पाहिलं, मग ताटाकडे पाहिलं, आणि असे खो-खो हसत सुटले की पगडी घरंगळून आमटीच्या वाटीत पडता पडता राहिली!

"दप्तरदार, नक्कल करा! आत्ताच्या आत्ता! अक्षर वाकडं आलं तरी चालेल, पण लवकर!"

घामाघूम दप्तरदाराने नक्कल करून दिली. 'घर माझ्या सगुणेचं' ही ओळ वाचताना तिचे डोळे भरून आले. तोवर महाराजांनी दगडूला गडावरून पिटाळायला दोन शिपाई धाडलेसुद्धा.

"आणि नगारचीची जागा आजपासून सगुणेची!" महाराज म्हणाले. "सोन्याचं कडंही द्या तिला. पण पोरी, आधी तो नगारा वाजव गं बाई!"