मोकळ्या तारेची झणझण

कृष्णाकाठच्या एका गावात दस्तगीरचाचा नावाचे एक सतारमेकर राहत होते. सतारी आणि तंबोरे घडवता घडवता त्यांचे केस पांढरे झाले होते. त्यांची खरी कला होती ती जवारीची. तारा ज्यावर टेकतात त्या सतारीच्या घोडीचा माथा ते कानशीने असा घासायचे, की तार त्यावर हलकेच टेकत जाई आणि स्वर झणझणत लांबवर पोहोचे. दूरदूरचे गवई दारात चपला काढून म्हणत, "चाचा, जवारी तेवढी तुमच्याच हातची हवी." असे शब्द रोज कानावर पडू लागले, की आपल्या हातूनही चूक होऊ शकते याचा माणसाला विसर पडतो. चाचांना तो कधीच पडला होता.

त्याच गावात स्टेला रणभिसे नावाची एक मुलगी होती. अण्णा कुरण्यांच्या ऑर्केस्ट्रात ती इलेक्ट्रिक गिटार वाजवायची. इतकी वर्षे ती मागच्या रांगेत उभी असे. यंदा नवरात्रात नऊ गावांत नऊ कार्यक्रम होते, आणि अण्णांनी तिला पहिल्यांदाच पुढे उभे करायचे कबूल केले होते. नेमकी तेव्हाच गिटार हातातून निसटली आणि तिची नटाची पट्टी फुटली. गिटारीच्या मानेच्या टोकाला, जिथून तारा खुंट्यांकडे वळतात, तिथे ही बोटभर पट्टी बसवलेली असते. तिच्या सहा खाचांत सहा तारा बसतात; बोट न ठेवलेली मोकळी तार या पट्टीवरूनच वाजते.

चाचांनी जन्मात कधी गिटार दुरुस्त केली नव्हती. पण "मला जमायचं न्हाई" हे वाक्य त्यांच्या तोंडाला ठाऊक नव्हते. त्यांनी हाडाचा एक तुकडा घेतला, घासला, खाचा पाडल्या आणि तासाभरात पांढरीशुभ्र पट्टी बसवून दिली. स्टेला खूश होऊन गेली.

दुसऱ्या दिवशी ती धापा टाकत परत आली.

"चाचा, तार मोकळी सोडली की झणझणतीया. कुठंबी बोट ठेवलं की गप्प बसतीया. आन् सूर लावायला गेलं की तार खाचेत अडकून टक् करतीया, दोन गाणी झाली की उतरतीया."

नीट ऐकले असते तर कळले असते, की रोगाचे नाव पोरीने तिथेच सांगून टाकले आहे. पण चाचांनी पट्टीकडे पाहिलेसुद्धा नाही.

"तुझा भोंगा फाटला असंल," ते म्हणाले.

भोंगा बदलला. झणझण तशीच. सतारीवर जी झणझण गोड लागते, तीच भोंग्यातून पत्र्यावर खडे ओतल्यासारखी येत होती. मग चाचांनी तारा बदलल्या. मग खुंट्या उघडून तेल घातले. मग मानेतली सळई पिळली, पडदे घासले, खालची घोडी वर उचलली. रोज सकाळी एक नवा आरोपी आणि रोज संध्याकाळी तो निर्दोष! स्टेला रोज यायची, एक मोकळी तार छेडायची आणि चाचांच्या तोंडाकडे बघायची. ते बघणे चाचांना सोसवत नव्हते.

त्यांच्या जिवाला चैन पडेना. चहा निवून जाई. शेजारच्या शिलाई मशीनची घरघर ऐकली तरी ते दचकत. माशी फिरली तरी त्यांना तीच तार बोलल्यासारखी वाटे. एका तंबोऱ्याचे काम अर्ध्यावर टाकून ते पुन्हा पुन्हा गिटारीपाशी जात आणि पुन्हा नको तिथेच हात घालत.

सहाव्या दिवशी स्टेलाबरोबर स्वतः अण्णा कुरणे आले. पहिल्या कार्यक्रमाला चार दिवस उरले होते.

"चाचा, एकदाचं सांगून टाका. गिटारीत खोट हाय का पोरीत?"

चाचांनी मनाशी हिशेब केला. गिटारीत खोट आहे म्हणावे, तर सहा दिवस ती सापडली नाही असे होते. साऱ्या पंचक्रोशीत नाव, आणि एक झणझण सापडत नाही!

"गिटारीत आता काय बी दोष न्हाई," ते म्हणाले. "तिची बोटं जड हाईत. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!"

स्टेलाच्या डोळ्यांत पाणी आले. तिने गिटार तिथेच भिंतीला टेकवली आणि निघून गेली. "जाणत्याचा शब्द हाय, बाई," असे म्हणत अण्णाही गेले. पुढच्या रांगेसाठी त्यांना आता दुसरा गिटारवाला शोधायचा होता.

चाचांची बायको जैतुनचाची सतारीच्या भोपळ्याला लाखेचा हात देत बसली होती. तिने सगळे ऐकले होते.

"अवो, आख्खी गिटार सोलून काढलीसा," ती म्हणाली. "ती पांढरी पट्टी तेवढी का ठिवली?"

"ती मी घडवलीया!"

"म्हणून तर इचारतीया."

चाचा भडकले. तरातरा उठले. बायकोला खोटे पाडायचे म्हणून त्यांनी कागदाचा एक कपटा घेतला आणि तारेखाली, पट्टीच्या खाचेत सरकवला. तार छेडली.

झणझण बंद.

कपटा काढला. झणझण सुरू. पुन्हा घातला. बंद. चष्मा लावून चाचांनी खाच पाहिली आणि त्यांना सगळे समजले. गिटारीची तार पट्टीच्या पुढच्या कडेवरून स्वच्छ सुटायला हवी. ही तार पट्टीभर लोळत होती. त्यांच्या हाताने सवयीने गिटारीच्या पट्टीवरही जवारी काढून ठेवली होती! वर खाचा अशा अरुंद, की तार त्यांत अडकून सुरातून उतरत होती. आपला तो बाब्या, म्हणून बाब्याला कोणी तपासलेच नाही. चाचांना स्वतःची लाज वाटली.

त्यांनी पट्टी काढून नवी घडवली. खाचांना मागे खुंट्यांकडे उतार दिला, त्या केसभर रुंद केल्या आणि तार अडकू नये म्हणून आतून पेन्सिलीचे शिसे फिरवले. तार छेडली. ती घंटेसारखी स्वच्छ वाजली.

दुसऱ्या दिवशी गिटार काखेत मारून चाचा ऑर्केस्ट्राच्या तालमीच्या हॉलकडे निघाले. पण पाय पुढे पडत होते आणि मन मागे ओढत होते. 'तार मुरली, आता बसली,' एवढे म्हटले की झाले. कोण विचारणार? कुणाला कळणार? शब्द त्यांनी वाटेत दोनदा घोकलेसुद्धा.

हॉलमध्ये एक नवा तरुण पुढे उभा राहून वाजवत होता. स्टेला कोपऱ्यात वायरी गुंडाळत बसली होती. चाचांनी गिटार तिच्या हातात दिली. तिने नाइलाजाने तारा छेडल्या आणि दचकून वर पाहिले. एकही तार झणझणत नव्हती. तिने एक अख्खे गाणे वाजवले. सूर जागचा हलला नाही.

"वा, चाचा!" अण्णा हसले. "तुम्ही बोल लावला आन् पोरीची बोटं सुधारली म्हणायची!"

घोकलेल्यापेक्षाही सोपे खोटे कुणीतरी ताटात वाढून दिले होते. नुसती मान हलवायची, बास. चाचा एक पाऊल पुढे झाले.

"न्हाई, अण्णा," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "तिची बोटं पहिल्यापास्नं चांगली हाईत. खोट माझ्या पट्टीत हुती. मी सगळं तपासलं, माझं काम तेवढं तपासलं न्हाई. आन् माझं नाव राखायला हिच्यावर ढकललं."

अण्णांनी नव्या तरुणाला खूण करून मागे घेतले आणि म्हणाले, "स्टेला, हो पुढं."

ती उठली, पण चाचांपाशी थांबली. तिने आपला डावा हात त्यांच्यापुढे धरला. मागून आणलेल्या गिटारीवरच्या सरावाने बोटांची टोके फुटून लाल झाली होती.

"चाचा, तुम्ही जाणते. तुम्ही सांगितलं म्हणून काल दिवसभर मी ह्यास्नीच शिव्या घातल्या," ती म्हणाली, आणि पुढे जाऊन उभी राहिली.

चाचा दाराशी उभे राहून तिचे गाणे शेवटपर्यंत ऐकत राहिले.

तात्पर्य: दोष शोधायला निघणाऱ्याने आधी आपल्या हातचे काम तपासावे; जाणत्याने झाकलेली चूक नेहमी एखाद्या निर्दोष माणसाच्या माथी बसते.