मथूआत्याची ठकी

एकदा काय झालं, ऐका हं. आधी पाय गोधडीत घ्या, मग सांगते. एक होतं गाव, आंबेरी नावाचं. डोंगराच्या पायथ्याशी, आमराईच्या सावलीत. त्या गावात राहायची मथूआत्या. नवरा नाही, लेकरू नाही. पण लहानथोर सगळे तिला आत्या म्हणायचे, मग तिला एकटी तरी कसं म्हणायचं?

तेव्हा ना, बरं का, माणसाचं नाव, म्हणजे गाव त्याला कसं मानतं ते, डोळ्यांना दिसायचं. आता नाही दिसत, तेव्हा दिसायचं. जसं ज्याचं नाव, तशी एक पोर त्याच्या पुढेपुढे चालायची. लबाडाची पोर मळकट, शेंबडी. भल्या माणसाची गोजिरवाणी. मथूआत्याची पोर होती हातभर उंचीची. खणाचा परकर, पायात वाळे. आत्या तिला ठकी म्हणायची, तिची वेणी घालायची, तिला कुशीत घेऊन निजायची. पोटच्या पोरीवर करावी तशी माया होती हो तिची.

आणि एवढं नाव कशाचं? तर हाताचं. वैशाख आला की गावभर कैऱ्या उतरायच्या. अगं बाई, काय ते दिवस! अंगणाअंगणात फोडींचा ढीग, मोहरी कुटल्याचा खमंग वास, हिंगाची फोडणी, आणि पोरांच्या तोंडाला सुटलेलं पाणी. आता विकतची बाटली आणतात आणि झाकण फिरवतात. त्यात कसली मजा? तेव्हा प्रत्येक घरी कैरी त्या घरची, मसाला त्या घरचा. पण मिठाची पहिली मूठ मात्र मथूआत्याची. तशी रीतच होती. लांबून वाळे वाजले की बायका म्हणायच्या, “आली गं आत्याची ठकी! पाट मांडा.” मग आत्या यायची, हात धुऊन कोरडे करायची आणि लोणचं कालवायची. तिचा हात लागला की वर्षभर बरणीकडे बघायला नको.

मग एका वर्षी काय झालं? पाटलांच्या घरची बरणी बिघडली. वर हा एवढा बुरा! असं कसं झालं? तर पाटलीणबाईंना लोणचं मुरेपर्यंत दम निघाला नाही. एका दुपारी भांडी विसळता विसळता त्या उठल्या आणि ओला हातच बरणीत घातला. एक फोड खाल्ली, दुसरी खाल्ली, आणि गुपचूप बरणीच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधून टाकला. आता लोणच्यात ओला हात म्हणजे काय, हे तुम्हालासुद्धा माहीत आहे की नाही? मग त्यांना तर माहीत होतंच. पण पाटलांच्या घरच्या बाईनं हावरटपणा केला, हे सांगायचं कसं? चारचौघींत नाक कापलं जाईल ना! म्हणून सासूबाईंनी विचारलं तेव्हा त्या पटकन बोलून गेल्या, “आत्याचा हात गेला आता.”

झालं. तेवढं एक वाक्य पुरलं. तिखटमीठ लावायला गाव बसलेलंच होतं.

विहिरीवर एकजण म्हणाली, “म्हातारीचा हात थरथरतो.” तशी ठकी हातभराची वीतभर झाली. देवळात दुसरी म्हणाली, “मीठ कमी घालते आणि उरलेलं पदरात बांधून नेते.” तशी ठकी बोटाएवढी झाली. बाजारात तिसरी म्हणाली, “अगं, दृष्टच लागते तिची!” आणि मग एका सकाळी आत्यानं वेणी घालायला हाक मारली, तर ठकी कुठे दिसेचना.

आत्यानं घर धुंडाळलं. पाटाखाली बघितलं, सुपात बघितलं, चुलीमागे बघितलं. मग ओसरीत बसून ती लहान मुलासारखी रडली. मग डोळे पुसले, पदर खोचला आणि ठकीला शोधायला निघाली.

आधी गेली विहिरीवर. “बायांनो, माझी ठकी पाहिलीत का?” बायकांनी घागरी उचलल्या आणि माना वळवल्या. ज्यांची बाळंतपणं तिनं काढली होती, त्यांनीसुद्धा! आत्याला ते फार लागलं.

मग गेली शेजारच्या गावी. तिला वाटलं, इथे कुणाला काय ठाऊक? पण बोभाटा तिच्या आधीच पोचला होता. वेशीवरच्या पारावरून एक म्हातारा ओरडला, “कैरीला हात लावू नको गं बाई! तुझा हात गेलाय म्हणे.” आत्या आल्या पावली परतली.

मग गेली पाटलांच्या घरी. म्हणाली, “वहिनी, ती बरणी एकदा मला दाखवा. माझं चुकलं असेल तर मी कबूल करीन.”

पाटलीणबाई नाही म्हणू शकल्या नाहीत. आत्यानं दादरा सोडला. वास घेतला, कड बघितली, आणि तिला एका क्षणात कळलं. मीठ बरोबर होतं, तेल बरोबर होतं. आत पाणी गेलं होतं. तिनं वर बघितलं, तर पाटलीणबाईंनी मान खाली घातलेली. मग तेही कळलं.

आता आत्यानं काय करावं? नुसतं दारात उभं राहून ओरडायचं होतं. अर्धं गाव गोळा झालं असतं. पण तिचं लक्ष गेलं उंबऱ्याकडे. तिथे पाटलीणबाईंची पोर बसली होती. गुबगुबीत, नाकात नथ, जरीचा परकर. आणि ती पोर भीतीनं लटलट कापत होती. आत्याकडे बघत होती आणि कापत होती.

आत्याचा जीव गलबलला. तिनं दादरा पुन्हा बांधला आणि म्हणाली, “वहिनी, माझी पोर गेली, ते दुःख मला ठाऊक आहे. ती परत आणायला तुमची घालवू का? नको. माझी गेलीच आहे, तर राहू दे.” आणि ती पायऱ्या उतरून चालू लागली.

पाटलीणबाई खांबाला धरून उभ्या राहिल्या. मग काय झालं कोण जाणे, त्या तशाच अनवाणी धावत सुटल्या. आयुष्यात कधी त्या अनवाणी बाहेर पडल्या नव्हत्या! विहिरीवर बायकांची ही गर्दी. आत्या खाली मान घालून तिथूनच चालली होती. पाटलीणबाईंनी सगळ्यांदेखत तिचा हात धरला आणि धापा टाकत म्हणाल्या, “बायांनो, ऐका गं! आत्याचा हात गेला नाही. मी ओला हात घातला बरणीत. हावरटपणा मी केला आणि खोटंही मीच बोलले. आत्या, मला क्षमा करा.”

विहिरीवर रहाटसुद्धा थांबला. पाटलीणबाईंची पोर सरसर बारीक झाली. नथ गेली, जरीचा परकर गेला. पण हसतेय कशी! कापत नव्हती, काही नाही. साध्या परकरात उड्या मारत होती.

मग विहिरीवरची बोलली, “आत्या, मीही खोटंच बोलले.” मग देवळातली बोलली. मग बाजारातली. आणि एवढ्यात बारीकसे वाळे वाजले. कुठे, कुठे? सगळ्या इकडेतिकडे बघू लागल्या. आत्यानं मूठ उघडली, तर तिळाएवढी ठकी तळहाताच्या रेषेत बसलेली! ती कुठे गेलीच नव्हती रे बाळांनो. एवढी लहान झाली होती की आत्याला दिसली नाही, इतकंच. आत्यानं तिला छातीशी धरलं आणि म्हणाली, “अगं, मला वाटलं मी एकटीच चाललेय.”

मग ठकी बोटभर झाली, वीतभर झाली, हातभर झाली. पुढच्या वैशाखात मिठाची पहिली मूठ पाटलांच्याच घरी पडली. आणि सगळं गाव वर्षभर बोटं चाटत जेवलं, आनंदात राहिलं.

संपली गोष्ट. कूस बदला आता, आणि डोळे मिटा बघू.