विहिरी खोल गेल्या तेव्हाचे दोर

“एरवी आपल्या दोराकडे कोण ढुंकून बघतं? आज भाव आलाय, तर तुम्ही हात बांधून बसलात,” खेमा नवऱ्याला ऐकवत होती आणि अंगणात बसलेला पुण्णक शेट मान डोलवत होता.

पूर्वी अश्मक देशातल्या पोतन नगरात हे भांडण चालले होते. बोधिसत्त्व त्या जन्मी दोर वळणारा होता, नाव सुजात; खेमा त्याची बायको. पाऊस रुसला, विहिरींचे पाणी खाली गेले आणि घरोघरचा दोर एकदमच तोकडा पडला. पुण्णकाने तोवर बाजारातला सगळा वाख, म्हणजे दोर वळायचे तंतू, विकत घेऊन कोठारात कोंडला होता.

“वाख माझा, हात तुमचे,” शेट म्हणाला. “दहापट भावाने विकू, निम्मे तुमचे. आणि भाव मी ठरवत नाही बाई, लोकांची तहान ठरवते.”

खेमाला ते पटले होते. छपरावर नवे गवत पडून किती तरी काळ झाला होता.

सुजात म्हणाला, “लोकांना दोर नकोय, पाणी हवंय. दोर घरोघरी आहे, फक्त अपुरा. दोन घरांचा मिळून एक पुरेल. आपण सांधायची मजुरी घेऊ, तहानेची नको.”

“मग खा सांधे,” म्हणत खेमा घागर उचलून तणतणत विहिरीवर गेली.

तिथे काळी नावाची विधवा आणि तिची शेजारीण यांनी आपले दोर गाठ मारून जोडले होते. गाठ रहाटाच्या चाकात अडकली, सुटली आणि काळीची घागर तळाला गेली. खेमाला दया आली असे नव्हे. असली गाठ तिच्या डोळ्यांना सोसवेना. ती तिथेच बसली, दोन्ही टोकांचे पीळ उलगडले, एकमेकांत गुंफले. आपली घागर तिने काळीला दिली. सांधा चाकावरून सरसर गेला आणि भरली घागर वर आली. काळीने पहिली ओंजळ खेमापुढे धरली. ते पाणी पिताना नवऱ्याचे म्हणणे तिला कळले. त्याची थोरवी अशी, की त्याने ते पुन्हा बोलून दाखवले नाही.

मग सगळी आळी दोर घेऊन त्यांच्या दारी आली. दोराचा भाव उतरला. कोठारातल्या वाखाला वाळवी लागली.

पुण्णक तावातावाने आला. “माझा भाव तुम्ही पाडलात, मी बुडालो. आता माझाच दोर पाण्याला पोचत नाही, पोरं तहानलीत आणि वळून द्यायला कोणी मोकळं नाही. बोल बाई, एका दोराचं काय घेशील?”

बायका कामे टाकून बघत राहिल्या. आता खेमा त्याची सालटी काढणार, असेच सगळ्यांना वाटले.

त्या जन्मी कोण कोण होते ते इथेच सांगायला हवे. तिच्या बोलण्यानंतर सांगण्यासारखे काही उरत नाही. ही कथा सांगणारे शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, “भिक्षूंनो, तो पुण्णक म्हणजे दुष्काळात धान्य कोंडणारा हा आजचा व्यापारी. काळी म्हणजे त्याच्या दारातून रित्या हाती परतलेली ही उपासिका. खेमा ती माझी गृहस्थाश्रमातली पत्नी राहुलमाता, आणि सुजात मीच.” आणि असलेले वाटून घेण्याच्या त्या गुणाला त्यांनी संविभाग म्हटले.

खेमा हातातला पीळ न सोडता म्हणाली, “भाव राहू द्या शेटजी, घरातला तुमचा तोकडा दोर घेऊन या, त्याला आमचा सांधून देते, आणि मजुरी सगळ्यांना पडते तेवढीच पडेल.”